दक्षताच्या आजाची ऑनलाइन सुधारणा

इयत्ता आठवी ब या वर्गात बेचाळीस विद्यार्थी, एकवीस बाक, दोन पंखे आणि एक तंत्रस्नेही शिक्षक आहे. पंखे बऱ्यापैकी चालतात. शिक्षक म्हणजे मी, मारुती कोंडविलकर, विषय मराठी व भूगोल, सेवा सत्तावीस वर्षे, राहणार ठाकुर्ली, शाळा कोपरीला.

तंत्रस्नेही ही पदवी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मिळाली. पहिल्या दिवशी प्रोजेक्टरवर चित्र उलटं येत होतं. ऐंशी शिक्षक माना वाकड्या करून बघत असताना मी उठलो, एक बटण दाबलं आणि चित्र सुलटं झालं. कोणतं बटण दाबलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर सगळे मलाच विचारू लागले, आणि सगळे विचारतात म्हटल्यावर मलाही वाटू लागलं की मला येतं. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. घरी ते मी फ्रिजवर लावलं. बायकोने, म्हणजे विनिताने, फ्रिजचं दार लागत नाही ते आधी बघा असं सांगितलं.

प्रशिक्षणाचा विषय होता ऑनलाइन सहयोगी अध्ययन. म्हणजे इंटरनेटवर एक कोरं पान उघडायचं, त्याची लिंक सगळ्यांना पाठवायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्यावर लिहायचं. कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं, किती वाजता, हे सगळं ते पान लक्षात ठेवतं. ज्याने नाव घातलं नाही त्याला ते स्वतःहून अनामिक म्हणतं. यापुढच्या काळात कोणीही एकटा काही लिहिणार नाही, असं प्रशिक्षक म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आमच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. सहा प्रत्यक्षात चालू आहेत, चार अहवालात. एकेका संगणकावर सात मुलं बसवून मी विषय दिला, ‘आपली खाडी’. खाडी आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसते, त्यामुळे तिची माहिती इंटरनेटवर शोधावी असं ठरलं. पस्तीस मिनिटं मुलं झटून लिहीत होती. चिरागने ‘खाडी’ लिहिलं, सूरजने ते खोडलं, चिरागने पुन्हा लिहिलं, दर्शनने त्याला लाल रंग दिला. तास संपला तेव्हा पानावर ‘खाडी ही खाडी खाडी आहे’ एवढा मजकूर झाला होता. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका कलावतीबाईंना, मी सांगितलं की परस्परसंवाद उत्तम झाला.

एका मुलीचा हात मात्र त्या दिवशी कळफलकापर्यंत पोचलाच नव्हता. सातांच्या घोळक्यात ती सातवी होती. दक्षता, कोळीवाड्यात राहणारी. घरात फोन एकच, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी परत आला की तिला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात तिने लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पानाच्या तळाशी दोन वाक्यं होती.

‘माझा आजा पयले पानी चाखून जालं टाकायचा. आता वास घेऊन टाकतो.’

सत्तावीस वर्षांत नदी, डोंगर, गाय आणि पावसाळा यांवर मी अंदाजे अकरा हजार निबंध तपासले असतील. त्यातून मला नवीन काही कळलं असं एकदाही झालं नव्हतं. ही दोन वाक्यं मात्र मी पाच मिनिटं पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला, कारण शाळेच्या वार्षिक अंकात मी स्वतः खाडीवर चार पानी लेख लिहिला होता आणि त्यात रम्य हा शब्द नऊ वेळा आला होता.

दक्षताला बोलावून विचारलं, हे तुला कोणी सांगितलं.

“कोनी नाय. मी होडीत होते ना, सर.”

मग तिने सांगितलं की तिचा आजा भिवाजी ओहोटी लागली की होडी काढायचा, मध्यावर गेला की हाताचं बोट पाण्यात बुडवून चाखायचा. खारट लागलं तर जाळं टाकायचा, नाहीतर पुढे जायचा. आता चाखायची हिंमत होत नाही. नाकाने अंदाज घेतो, आणि निम्म्या वेळा जाळं कोरडंच घेऊन परत येतो. तिने आजाला सांगितलं होतं की तुझ्यावर शाळेत लिहिलंय. म्हातारा लिहायला-वाचायला शिकलेला नाही. मतदानाखेरीज त्याने कधी शाळेत पाऊल टाकलेलं नाही. वाचून दाखवशील तेव्हा येईन, असं त्याने तिला बजावलं होतं.

“सर, असंच राहील ना ते?” दक्षताने विचारलं.

“एक अक्षरही बदलणार नाही,” मी म्हणालो. हा शब्द मी दिला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मोठ्या बाईंनी वर कळवलं की आमच्या शाळेत सहयोगी अध्ययन सुरू झालं आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट वर कळवली की वरून लिंक येते. ही लिंक दुपारी चार वीसला आली, माहिती त्याच दिवशी चारपर्यंत भरायची होती. एकूण सहयोगी किती, एकूण बदल किती, मागील आठवड्याच्या तुलनेत वाढ किती, आणि पालकांचा सक्रिय सहभाग आहे का, होय किंवा नाही. ‘नाही’ असल्यास कारणमीमांसा स्वतंत्र प्रपत्रात, तीन प्रतींत, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह.

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत आणि या चौदा महिन्यांत एकही कारणमीमांसा लिहायची नाही असा त्यांनी निश्चय केला आहे. मी ‘होय’ वर टिचकी मारली. आता होय म्हटल्यावर पालकांना सहभागी करून घेणं भाग होतं, नाहीतर ती खोटी माहिती झाली असती, आणि खोटेपणा मला चालत नाही. मी लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. पाठवताना पान विचारतं, या लोकांनी नुसतं वाचायचं, शेरा द्यायचा की दुरुस्तीही करायची. प्रपत्रात ‘सक्रिय’ असा शब्द होता. मी दुरुस्तीचा अधिकार दिला.

तोवर मुलांनी पानावर प्रस्तावना, उपशीर्षकं आणि घोषवाक्यं उतरवली होती; आता पालकांनी पान हातात घेतलं. पहिल्या तासात खाडीच्या वर गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ आलं. खाडीच्या खाली कोणीतरी विचारलं की उद्या शाळा अर्धी आहे का. दुसऱ्याने तिथेच उत्तर दिलं, तिसऱ्याने ते चुकीचं ठरवलं, आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात सहलीच्या तारखेवरून दोन वडिलांचं वाजलं. विठ्ठलवाडी स्टेशनपासून सात मिनिटांवर वन बीएचके, दलाल नाही, हा मजकूर ‘खाडीचे महत्त्व’ या उपशीर्षकाखाली स्थिरावला. घरगुती उकडीच्या मोदकांची ऑर्डर ‘खाडीतील जैवविविधता’ यात गेली. एका भावी नगरसेवकाने शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो लावला. तो हलवायला गेलं की निबंध हलायचा, फोटो तिथेच राहायचा.

मोठ्या बाई रोज सकाळी बदलांचा आकडा विचारायच्या. तीनशे झाले, सातशे झाले. अकराशेला त्यांनी स्टाफरूममध्ये चहा दिला.

दक्षताची दोन वाक्यं या सगळ्या गोंगाटात तळाशी होती, आणि मला वाटलं तळाशी कोण जातंय. पण आमचे पालक सुशिक्षित आहेत, ते शेवटपर्यंत वाचतात. प्रथम कोणीतरी ‘आजा’ चं ‘आजोबा’ केलं. वडीलधाऱ्यांना अरेतुरे नको म्हणून पुढच्याने क्रियापदं आदरार्थी केली. नंतर मेघालीच्या आईला, पालक ग्रुपच्या प्रमुख प्रियांकाताईंना, पाणी चाखणं खटकलं. त्यांनी मला रीतसर फोन केला.

“सर, लहान मुलं वाचतात हे. खाडीचं पाणी तोंडात घालायला आपण शिकवतोय का?”

मी म्हणालो, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आयुष्यात मी हे वाक्य ज्यांना ज्यांना म्हटलं आहे त्यांनी ते परवानगी म्हणूनच घेतलं आहे. संध्याकाळपर्यंत वाक्य असं झालं होतं: ‘पूर्वी माझे आजोबा पाणी उकळून व गाळून पीत असत.’ पुढच्या वाक्यातला ‘वास’ कोणा अनामिकाला बरा वाटला नसावा. त्याने तिथे ‘सुगंध’ घातलं. ‘आता ते सुगंध घेऊन जाळे टाकतात.’

मी ताबडतोब मूळ वाक्यं परत ठेवली. चाळीस मिनिटांत ती पुन्हा सुधारली गेली. मग मी शेजारी शेरा लिहिला, ‘कृपया या वाक्यांत बदल करू नये’. तो शेराही कोणीतरी निबंधात ओढून घेतला आणि तिथे खाडीवरच्या घोषवाक्यांच्या यादीत बसवला. सहाव्या क्रमांकावर. दिसायला बरा दिसत होता.

शेवटी मी मोठ्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, पान बंद करू, मुलांपुरतं ठेवू. त्यांनी मला बसायला सांगितलं, पंखा वाढवला आणि प्रपत्र दाखवलं. पान बंद केलं तर या आठवड्याचे बदल शून्य येतील. शून्य आले की घट दिसेल. घट दिसली की कारणमीमांसा. शिवाय पुढच्या मंगळवारी अधिकारी साहेब स्वतः प्रात्यक्षिक बघायला येणार होते, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत एवढे बदल दुसऱ्या कोणत्याच शाळेचे नव्हते. बदल होऊन काय झालं आहे, हा प्रश्न प्रपत्रात नव्हता. त्यामुळे तो त्यांनी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात फार वेळ टिकला नाही, कारण आदर्श उपक्रमशील शिक्षक म्हणून माझं नाव जाणार असल्याचं त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं.

तरीही मंगळवारी सकाळी सव्वासातला मी घरी पान उघडलं ते दक्षताची वाक्यं जशीच्या तशी परत ठेवायची असं ठरवूनच. साहेब साडेदहाला येणार होते. एवढ्या तीन तासांत कोणी हात लावला नाही तर वाक्यं वाचली असती. सुगंध खोडला, वास लिहिला. तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन आला. साहेबांच्या तपासणी सूचीत रात्री एक ओळ वाढली होती: सादर होणारा मजकूर सकारात्मक आहे का, होय किंवा नाही. तुम्ही एकदा बघून घ्या सर, तुमच्यावर सोडते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बघून घेतलं. पान नीट केलं आणि अंघोळीला गेलो.

साडेदहाची वेळ असल्याने साहेब पावणेबाराला आले. संगणक कक्षात सतरंज्या घातल्या होत्या, चालू नसलेल्या चार संगणकांवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. पालक आले होते, आणि मागच्या भिंतीपाशी खुर्चीच्या अगदी कडेवर भिवाजी बसला होता. पांढरा सदरा, नवीन टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात. तो नऊ वाजल्यापासून आला होता. मी त्याला नमस्कार केला, आणि त्याने उठून मला केला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस मास्तर समोर आला म्हणून उठून उभा राहिला, हे मला तेव्हाही बरं वाटलं नाही.

भिंतीवर पान झळकलं. एकूण बदल एकोणीसशे चौदा. साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि फोटो काढला. मग मुलांनी एकेक भाग वाचला. शेवटी दक्षता उठली. मी शब्द दिल्यापासून तिने पान पुन्हा बघितलेलं नव्हतं, आणि फोन बाबांबरोबर गेला होता. ती भिंतीकडे न बघता आजाकडे बघत म्हणाली, “माझा आजा,” आणि मग भिंतीकडे बघून थांबली. मी हळूच म्हणालो, वाच. तिने वाचलं.

“माझे आजोबा शुद्ध हवेसाठी खाडीकिनारी नियमित फिरायला जातात.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. ज्येष्ठ नागरिकांचं आरोग्य हा पैलू कोणत्याच शाळेने घेतला नव्हता, असं ते म्हणाले. भिवाजीही टाळ्या वाजवत होता. टाळ्या थांबल्यावर त्याने शेजारी बसलेल्या प्रियांकाताईंना विचारलं, पण त्याचा आवाज होडीवरचा, तो सगळ्या खोलीत ऐकू गेला.

“यो कोन मानूस? बरा दिसतो. कामधंदा नाय वाटतं त्याला.”

लोक हसले. मीही हसलो, आणि हसताना माझे कान तापले.

साहेब मोठ्या बाईंबरोबर उपम्याला गेले. प्रोजेक्टर तापतो म्हणून मी तो बंद केला. खोली रिकामी झाली, आम्ही तिघं राहिलो. भिवाजी नातीपाशी येऊन उभा राहिला. तू होडीतलं लिवलं होतंस ना, मग ते कुठं गेलं, असं त्याने विचारलं. रागाने नाही, जाळं नेमकं कुठे फाटलं ते विचारावं तसं. दक्षता पहिल्या संगणकापाशी बसली आणि तिने पानाचा इतिहास उघडला. तो कसा उघडायचा हे मीच शिकवलं होतं. कोणी काय बदललं ते इथे दिसतं, तेव्हा प्रत्येकाने जबाबदारीने वागावं, असं त्या तासाला मी फळ्यावर लिहूनही दिलं होतं.

तिने आपलं वाक्य शोधलं. आजोबा, अनामिक. उकळून व गाळून, प्रियांका. सुगंध, अनामिक. वास, सकाळी सात सोळा, मारुती कोंडविलकर. त्याखाली शेवटची नोंद. शुद्ध हवा, खाडीकिनारा, नियमित. सकाळी सात एकवीस. हिरव्या अक्षरांत नाव.

मी पडद्याकडे बघत होतो. पाच मिनिटं लागली होती मला.

“कोनी केलं गो?” भिवाजीने विचारलं. त्याला पडदा दिसत होता, पण त्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

दक्षताने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

“नाव नाय दिसत, आजा,” ती म्हणाली. “अनामिक म्हनतं.”

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. सत्तावीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो आहे, त्यासाठी कान पिळले आहेत, बाकावर उभं केलं आहे. त्या दिवशी तेरा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी घसा साफ करून म्हणालो, “तांत्रिक अडचण असते कधीकधी.” भिवाजीने मान हलवली. त्याने मला पुन्हा नमस्कार केला आणि ओहोटीची वेळ झाली म्हणून तो गेला.

त्याच दुपारी मी दक्षताची दोन वाक्यं परत ठेवायला बसलो, हे माझ्या बाजूने नोंदवतो. पण पान आता उघडत होतं ते फक्त वाचण्यापुरतं. साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते नमुना म्हणून प्रमाणित करून घेतलं होतं, आणि प्रमाणित मजकुरात कोणालाही बदल करता येत नाही. पुढच्या आठवड्यात तो नमुना सगळ्या शाळांकडे गेला. आमच्या कल्याणच्या एका स्नेह्यांनी सांगितलं, त्यांच्याकडच्या एकसष्ट विद्यार्थ्यांचे आजोबा आता खाडीकिनारी फिरायला जातात. त्यांतल्या काहींचे आजोबा हयात नाहीत, काहींचे साताऱ्याला असतात. मला सुलभक म्हणून नेमण्यात आलं. पुढचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी देणार आहे. नकार द्यावा असं मनात आलं होतं. नकार दिल्यास त्याची कारणमीमांसा जोडायची होती.

या महिन्याचा प्रकल्प आहे ‘माझे कुटुंब’, तोही सामायिक पानावर. काल मधल्या सुट्टीत दक्षता स्टाफरूमच्या दारात आली. राग नव्हता, रुसवा नव्हता. मी मनाशी माफीची वाक्यं जुळवत होतो, तर तीच आधी बोलली.

“सर, काय लिहायचं ते आधीच सांगाल का? म्हणजे तुम्हाला नंतर बदलायला नको.”

मी सांगितलं. तिने उभ्या उभ्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, प्रमाण मराठीत, एकही खाडाखोड न करता. मी तिला पंचवीसपैकी पंचवीस दिले.

तुम्ही हे वाचून माझ्याबद्दल काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त आज घरी गेल्यावर आपल्या मुलाची प्रकल्पवही उघडा. त्याचे आजोबा काय करतात ते वाचा. अक्षर तुमचंच निघालं तर वही पुन्हा होती तिथे ठेवून द्या, मी पूर्ण गुण देणारच आहे.